खुणा केलेलं इंजिन

"हे इंजिन माझं नाही."

"मग कुणाचं आहे, दाजी? माझ्या सासऱ्यांचं?"

"ते तुला माहीत. माझं इंजिन गळत नव्हतं."

"तुमचं इंजिन चालतच नव्हतं! आत तेलाचा थेंब नव्हता. गळणार काय, कपाळ?"

"शब्दांत अडकवू नकोस मला. सरळ विचारतो, सरळ सांग. आतला माल बदललास की नाही?"

मामाने हातातला पाना बाकावर आपटला नाही, अलगद ठेवला. मामा खरोखर चिडला की असा अलगद होतो.

दोघांच्या मधे मोटरसायकल उभी होती. काळीभोर, टाकीवर केसाएवढी सोनेरी रेघ, हँडल असं चकाकणारं की त्यात बघून भांग पाडावा. आणि तिच्या पोटाखालच्या पुठ्ठ्यावर बशीएवढा तेलाचा ताजा डाग. खून झालेल्या खोलीत पोलिसाने जमिनीकडे बघावं, तसे बाबा त्या डागाकडे बघत होते.

आई दाराजवळच्या स्टुलावर पर्स मांडीवर धरून बसली होती. तिला मागच्या सीटवर बसून घरी जायचं होतं, म्हणून केस रुमालात घट्ट बांधलेले. माझ्या दोन्ही हातांत एकेक हेल्मेट. आई गप्प होती, कारण तिचं बोलून झालं होतं. सकाळी निघताना चप्पल घालता घालता तिने बाबांना सांगितलं होतं, "तुम्हाला गाडी हवी आहे, मला भाऊ हवा आहे. माहेर म्हणून आता तो एकटाच उरलाय. आज इतक्या वर्षांनी तो जेवायला यायला तयार झालाय. तिथे तोंड उघडाल ते जपून."

बाबांनी मान डोलावली होती. पण त्यांची मान आणि त्यांचं तोंड ही दोन वेगळी खाती आहेत, एकाची फाइल दुसऱ्याकडे जात नाही.

माझे बाबा वजनकाटे दुरुस्त करतात. बाजारात त्यांना काटेवाले म्हणतात, पाठीमागे आणखीही काही म्हणतात. आयुष्यभर त्यांनी एकच वाक्य ऐकलंय, "काटा एकदम बरोबर आहे हो," आणि आयुष्यभर त्यावर विश्वास ठेवलेला नाही. ही सवय दुकानातून त्यांच्याबरोबर घरी आली आणि पाय पसरून बसली. साखरेची पुडी आली की ती आधी काट्यावर, मग डब्यात. दूधवाल्याला ते दारातच विचारत, "आज पाणी ताजं आहे ना?" कुणी कौतुक केलं की तो माणूस जाईपर्यंत हसत उभे राहणार आणि दार लावून म्हणणार, "याला काय हवं असेल?" मी शाळेत पहिली आले, तेव्हा त्यांनी चष्मा लावून माझाच नंबर मला तीनदा वाचायला लावला. दुसऱ्या कुणाचा तर नाही ना?

पण एक गोष्ट त्यांच्या शत्रूंनाही मान्य आहे. खोटं वजन त्यांनी कधी कुणाच्या बाजूने सांगितलं नाही. स्वतःच्याही नाही. त्यांना शिव्या घालणारे दुकानदार काटा बिघडला की त्यांच्याकडेच येत.

मामाशी बिनसलं तेही वजनावरूनच. आजी गेल्यावर मामाने तिच्या दागिन्यांचे दोन भाग करून आईसमोर ठेवले. "घे ताई, तुला हवा तो भाग." सगळे डोळे पुसत होते. बाबांनी पिशवीतून सोनाराचा छोटा काटा काढला.

वजन बरोबर निघालं. तेच वाईट झालं. थोडं इकडे तिकडे असतं तर निदान भांडण झालं असतं. मामा उठला, तो पुन्हा आमच्या घरी आला नाही. फोनवर फक्त आईशी बोलायचा आणि विचारायचा, "इन्स्पेक्टर काय म्हणतात?"

गाडीचं वेड बाबांना लग्नाआधीपासून. मी लहान असताना एका वळणावर ब्रेकची तार तुटली, आई मागे बसलेली. आईचं खांद्याचं हाड मोडलं आणि बाबांनी गाडी विकून टाकली. तार तुटली यावर त्यांचा आजही विश्वास नाही. "ती कुणीतरी ढिली केली होती." कोणी? का? याला उत्तर नाही, पण संशयाला उत्तर कुठे लागतं! तेव्हापासून ते काट्यांची पेटी मांडीवर घेऊन बसने फिरले.

मग बाजारभर विजेवरचे काटे आले, बाबांचं दुकान अर्धा दिवस बंद राहायला लागलं, आणि एका दुपारी ते आईला म्हणाले, "तशीच एक गाडी पाहिलीय."

आई म्हणाली, "माझा खांदा ऐकतोय बरं का."

"हळू चालवीन."

"आधी मिळू तर द्या."

गाडी एका निवृत्त गृहस्थांच्या शेडमध्ये होती. "लेकीसारखी सांभाळलीय हो," ते गृहस्थ गहिवरून म्हणाले.

"लेकीच्या डोक्यावर कोंबड्या बसवता?" बाबांनी विचारलं. कारण सीटवर खरोखरच एक कोंबडी बसली होती आणि उठायला तयार नव्हती.

बाबांनी टाकीत नाक घालून वास घेतला. स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावलं, मूठ कानाला लावली, आणि मला चाक फिरवायला सांगितलं. तो मालक तीन पिढ्यांच्या शपथा घेत होता. बाबा त्याला म्हणाले, "तुम्ही जरा गप्प बसा. मला हिचं ऐकू द्या." आणि ऐकता ऐकता त्यांचा चेहरा असा काही सैल झाला, की मला वाटलं, हा माणूस माझ्या ओळखीचा नाही.

गाडी घेतली. पण इतकी जुनी गाडी उभी कोण करणार? बाबांनी चार गॅरेजं पालथी घातली. एक गोड बोलतो म्हणून नको, दुसरा कमीच बोलतो म्हणून नको, तिसऱ्याच्या दारात फार गाड्या, चौथ्याच्या दारात एकही नाही. शेवटी आईनेच फोन उचलला. जुन्या मोटरसायकली उभ्या करण्यात मामाचा हात धरणारा कुणी नाही, हे बाबांनाही माहीत होतं.

मामा म्हणाला, "गाडी आण. दाजींना घरीच ठेव."

बाबा घरी राहिले नाहीत. रोज बस पकडून गॅरेजमध्ये जात, लाकडी खोक्यावर बसत, मामाच्या हातांकडे बघत. मामा आधी कुरकुरला. मग हळूहळू दोघांचं बोलणं सुरू झालं. हा स्क्रू किती आवळायचा, ही स्प्रिंग मूळची आहे का. मामा दोन चहा सांगायला लागला. आई तर हरखूनच गेली. "आज काय बोललात त्याच्याशी?" रोज विचारायची. बाबा म्हणायचे, "क्लचबद्दल." आईला क्लच म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, तरी ती समाधानाने मान हलवायची.

मी मात्र त्यांच्या खिशातला पोलादी ठसा पाहिला होता. एखादं वजन तपासून झालं की बाबा त्याच्या तळाशी हातोडीने एक बारीक त्रिकोण ठोकतात. म्हणजे पुढच्या खेपेला तेच वजन परत आलं की कुणी बदलून दुसरं आणलं, हे कळतं. तळाशीच का? तिथे तो कुणाला दिसत नाही आणि कशाला बाधत नाही.

बाजारात त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, जुन्या गाड्यांचे मूळचे भाग मिळत नाहीत, म्हणून मेकॅनिक लोक ते काढून घेतात आणि आत नवा कचरा बसवतात. एवढं पुरेसं होतं.

एके दिवशी मी डबा घेऊन गेले, तर मामा फोनवर बोलत बाहेर गेलेला. इंजिनाच्या कवचाची दोन अर्धुकं धुऊन पुसून, जोडायच्या कडा वर करून कागदावर ठेवलेली. बाबांनी ठसा काढला. टक्. टक्.

"बाबा! मामाने पाहिलं तर?"

"जोडल्यावर दिसणारच नाही. म्हणून तर आतल्या बाजूला करतोय."

"पण ही वजनं नाहीत."

"धातू तो धातू. ठोकल्याने कमी होत नाही, नुसता बाजूला सरकतो. निम्म्या बाजाराची वजनं ठोकलीत मी. एखादं गुंजभर तरी हललं?" टक्. "डबा ठेव आणि दाराकडे बघ."

मामा आला, कडांना लेप लावला, अर्धुकं जुळवली, बोल्ट आवळले. आणि आज, गाडी न्यायच्या दिवशी, पहिल्याच किकला इंजिन बोललं, बाबांचे डोळे भरून आले, आणि खाली थेंब पडायला लागला.

आता बाबांनी छाती काढली. "उघड ते इंजिन. एकेका भागावर माझी खूण आहे. सापडली तर माझं. नाही सापडली तर काय समजायचं, ते तुझ्या ताईसमोरच ठरू दे."

"खूण?" मामा म्हणाला. "कसली खूण?"

"माझी."

मामाने आईकडे बघितलं. आईने माझ्याकडे. मी हेल्मेटकडे.

"अहो," आई इतकंच म्हणाली.

"उघडतो," मामा म्हणाला.

मामा एकेक बोल्ट सोडवत गेला. बाबा उभेच. शेवटी दोन्ही अर्धुकं सुटी झाली. मामाने ती पुसून बाकावर मांडली आणि बाजूला झाला. "घ्या. शोधा."

बाबांनी भिंग काढलं, वाकले. एक त्रिकोण सापडला. दुसरा. पलीकडच्या अर्धुकावरचे दोन्ही.

"माझंच आहे."

"नीट ऐकू नाही आलं, दाजी."

"इंजिन माझंच आहे."

आईने पर्सवरची पकड सैल केली. मामाही जरासा हसला. मनात आणलं असतं तर तो आता खूप काही बोलू शकला असता. पण म्हणाला, "चला, मिटलं. मग माझाच लेप कुठेतरी कमी पडला. डोळे गेलेत आता माझे. पुन्हा लावून देतो, तासाभराचं काम."

तिथेच सगळं संपलं असतं. पण बाबा वाकलेलेच होते. त्यांनी अंगठ्याचं नख कडेवरून फिरवलं. नख अडकलं. पुन्हा फिरवलं, पुन्हा तिथेच अडकलं. तेलाची काळी रेघ आतून निघून थेट त्रिकोणापर्यंत आली होती आणि त्याला वळसा घालून बाहेर गेली होती.

"लेप कमी नाही पडला," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज दुकानातला, वजन सांगतानाचा होता. "ठोकल्यावर धातू बाजूला सरकतो आणि काठ वर येतो. त्या काठामुळे कडा टेकल्या नाहीत. तुझं काम बरोबर आहे. गळती मी केली."

मामाने चष्मा लावून स्वतःचं नख फिरवलं.

"अजून कुठे कुठे?"

"कार्बोरेटरला. साखळीच्या पुढच्या चक्राला. गिअरच्या झाकणाला."

"आणि?"

"मागच्या ब्रेकच्या ड्रमला."

"बाहेरून?"

"आतून."

मामाने आईच्या रुमाल बांधलेल्या डोक्याकडे बघितलं. "आणि हिला मागे बसवून नेणार होतात."

"एकेक भाग घासून देतो. माझ्या हाताने. तू फक्त तपास."

"मी तपासू?" मामाचा आवाज अगदी खाली आला. "रोज येऊन बसत होतात. मी घरी बायकोला सांगायचो, अगं, दाजी बदलले. मजा येते त्यांना माझं काम बघायला. दोन चहा सांगत होतो मी रोज. आणि तुम्ही राखण करत होतात."

"राखण करत होतो," बाबा म्हणाले. आणि भिंग खिशात ठेवत, "मजाही येत होती."

ते खरं होतं. बाबा खोटं वजन सांगत नाहीत. पण मामाने त्यांच्याकडे बघितलंही नाही.

आई उठली. पर्स स्टुलावरच राहिली. भावाच्या दंडाला हात लावून म्हणाली, "गाडी राहू दे. गाडीचं नंतर बघू, नाहीतर भंगारात घालू. तू घरी चल. स्वयंपाक झालाय सगळा. येतोस ना रे?"

मामाने फडकं घेतलं. एकेक बोट पुसलं, नखांच्या कडासुद्धा. फडकं खिळ्याला अडकवलं, चष्मा काढून खिशात ठेवला, कोपऱ्यातल्या चपला पायात सरकवल्या. आईचा हात त्याने झटकला नाही. चालायला लागल्यावर तो आपोआप सुटला.

माझ्या बाजूने तो बाहेर पडला. गॅरेज उघडं, पाने बाकावर पसरलेले, इंजिनाची दोन्ही अर्धुकं बाबांच्या पुढ्यात. आई दारापर्यंत धावली, पण समोरून एक टेम्पो आडवा आला, आणि तो पुढे सरकेपर्यंत मामा डावीकडे आमच्या घराच्या रस्त्याला वळला की उजवीकडे, ते दिसलं नाही.