तलावावरची हाक

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. मग तुम्हाला का सांगतेय? आपली ओळख नाही म्हणून असेल. समोर माणूस बसलेलं असलं की माझी जीभ उचलत नाही – ते पुढे कळेलच तुम्हाला.

सध्या मी संशोधन करते. विषय ऐकायला भारदस्त आहे – आपल्या जिल्ह्यातल्या मोबाईलवरच्या बातम्यांमध्ये आदिवासी कसे दिसतात. गावोगाव जाते, लोकांना त्यांच्यावरच्याच बातम्या दाखवते, विचारते, हे बघून काय वाटलं? लोक म्हणतात, बाई चांगलं काम करतेय. करतेच मी. पण त्याआधी काही वर्षं मी स्वतः गोंदियात अशाच एका चॅनलमध्ये होते. चॅनल म्हणजे काय – एका दुकानावरची खोली, दोन कॉम्प्युटर आणि यूट्यूब. आलेल्या क्लिपा कापायच्या, जोडायच्या, मथळे द्यायचे, हे माझं काम. ही नोकरी मी कधी लपवली नाही. लपवलं ते वेगळंच.

गोंदियाजवळच्या गोरेगावकडून आम्हाला दिलीप बातम्या पाठवायचा. गोंड समाजाचा, दोन लेकरांचा बाप, शेती सांभाळून हे करायचा. आमची भेट कधी झाली नाही, सगळं फोनवर. एकदा त्यानं तलावावरची क्लिप पाठवली. कमरेएवढ्या पाण्यात एक बाई, केस मोकळे, हातात मडकं. पाठोपाठ फोन.

"ताई, ही माही मावशी, सुमनबाई. तिचा पोरगा तापानं गेला ना, त्याच्या जीवाले घरी आनून राहिली. आमच्यात असंच आनतात. पान्यात उभं राहून हाक मारतात, मासोळी भेटली का मडक्यात घेतात अन् घरी नेतात. मावशी नाहीच म्हने, म्या तयार केलं तिले. नीट दाखवा, ताई."

नीट दाखवा. एवढंच मागणं होतं त्याचं.

मला सगळं कळलं होतं, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर तुम्ही म्हणाल, बिचारीला माहीत नसेल. मालकांनी माझ्या मागून स्क्रीन बघितली आणि म्हणाले, "इसमें है क्या? थोडा डर डालो ना." बस, एवढंच म्हणाले. कसं, ते माझ्या डोक्यातून निघालं. क्लिपमध्ये ती बाई पोराला बोलावत होती – "रमेश, चल बाबू, घरी चल." हे ऐकून कुणाला भीती वाटेल? रडूच येईल. म्हणून मी आवाज काढून टाकला. त्या जागी ढोल टाकले, आणि मथळा दिला, 'तलावात महिलेची अघोरी पूजा?' प्रश्नचिन्ह लावलं, म्हणजे आपण काही म्हटलेलंच नाही. नुसते हलणारे ओठ उरले, आणि बघणाऱ्यांनी त्यांचे मंत्र करून टाकले.

आमचं घर बौद्ध. आमच्या वस्तीबद्दल पेपरात काही वेडंवाकडं छापून आलं की बाबा दिवसभर जेवत नसत. त्या घरातली मुलगी मी. तेव्हा आठवलं नाही का हे? आठवलं. तरी केलं. क्लिप धो धो चालली, मालकांनी समोसे मागवले, आणि मीही पोटभर खाल्ले.

सुमनबाई गोरेगावच्या बाजारात भाजी घेऊन बसायच्या. लोक त्यांच्याकडची भाजी घेईनासे झाले. बायका त्यांच्यासमोरून जाताना लेकरांना पदराखाली घ्यायच्या. दिलीपनंच फोन करून सांगितलं, मूळ क्लिप परत मागितली – त्याचा मोबाईल बिघडला होता, त्याच्याकडे ती उरली नव्हती. शोधते म्हणाले. आणि घाबरून आमच्याकडची पुसून टाकली. त्यानंतर त्याचा फोन आला नाही.

मागच्या वर्षी संशोधनाच्या निमित्तानं मी सुमनबाईंच्या दारात जाऊन उभी राहिले. कबूल करायलाच चाललेय, असं वाटेत स्वतःला बजावत होते. त्यांनी खाट टाकली, चहा दिला. मी पूर्वी एका चॅनलमध्ये होते, एवढं त्यांना सांगितलं. कुठल्या चॅनलची, ते नाही.

"दिलीप म्हनते, आवाज ऑफिसातल्या ताईनं काढला," त्या म्हणाल्या. "म्या म्हटलं, तिचं म्या काय वाकडं केलं? ते कायले काढंल? यानंच काढला पैशासाठी. तवापासून म्या त्याले दारात उभा नाही करत. रमेश गेल्यावर मले तोच एक होता. बाई, तुमी त्या कामातल्या. खरं सांगा – हा खोटं बोलून राहिला का?"

काय म्हणायचं होतं मला? 'नाही.' एक शब्द. त्याच्यापुढे 'मीच काढला' जोडायचं तर जोडायचं, नाहीतर तेवढ्यानंही दिलीप सुटला असता. मी म्हणाले – आणि अगदी शांतपणे म्हणाले – "मोबाईलवरही काढता येतो आवाज, मावशी."

यात एक अक्षर खोटं नव्हतं हो. त्यांनी मान हलवली. "मंग त्यानंच," म्हणाल्या, आणि माझ्या कपात आणखी चहा ओतला.

पुढे त्या क्लिपवर मी एक प्रकरण लिहिलं. चॅनलवाल्यांनी एका आईचा आवाज कसा हिरावून घेतला, वगैरे. वाचून दाखवलं तेव्हा सभागृहात टाळ्या पडल्या. एक बाई तर डोळे पुसत माझा हात धरायला आली, आणि मी तो धरू दिला.

आणखी एक राहिलंय. खरं तर हेच सांगायला बसले होते. मूळ क्लिपमध्ये दोन आवाज होते. सुमनबाईंची हाक संपली की मोबाईल धरणाऱ्याचा आवाज यायचा – दबका, रडवेला. "चल दादा, घरी चल." दिलीपचा, मावसभावाला बोलावणारा. दूर पाण्यात उभ्या असलेल्या मावशीला तो ऐकू गेला नसेल. मी मात्र ऐकला होता. थांबून पुन्हा ऐकला, आणि मग दोन्ही काढून टाकले.

गेल्या आठवड्यात पुन्हा त्यांच्याकडे गेले होते. दिलीपला अजून ते दार बंद आहे. मला बघून त्यांनी लगेच चहा ठेवला. मी तो प्यायले.