तायडे सरांचा सदतिसावा नियम

पोह्यांवर झाकण ठेवलं आणि दाराची कडी वाजली. बाहेर शेजारचे धर्मेंद्र तायडे सर. एका हातात काठी, दुसऱ्यात लॅपटॉपची पिशवी.

"बीएस्सीले गणित होतं न ताई तुमचं? मले हे वाचता येत नाही. तुमचे डोळे घडीभर उसने द्या."

एकोणीस वर्षं सर अकोल्याहून बार्शीटाकळीला तासिका तत्त्वावर गणित शिकवायला जायचे. शुगरनं नजर गेली, तशा जूनपासून तासिकाही गेल्या.

मागे उरलं ते त्यांचं पॅकेज. बीजगणिताचं सॉफ्टवेअर उत्तर बरोबर देई, पण पुस्तकापेक्षा वेगळ्या रूपात. पोरं घाबरून जायची. म्हणून सरांनी त्याला जोडायचं एक पॅकेज, म्हणजे नियमांचा छोटा प्रोग्राम, लिहिलं. सॉफ्टवेअरची लांबलचक राशी एकेका नियमानं पुस्तकातल्या रूपात आणायची. विद्यार्थी पुढे शिक्षक झाले आणि पॅकेज पेनड्राइव्हमधून त्यांच्यासोबत गेलं.

"आकांक्षा हाय न, माही जुनी विद्यार्थिनी, परतवाड्याले शिकवते ते," सर खुर्ची चाचपत बसले. "तिचा फोन आला. म्हणे, क्षच्या जागी उणे तीन टाकलं का पॅकेजचं उत्तर चुकते. मी म्हटलं, तूच चुकली अशीन. तिनं ऐकलं. बरोबर लिहिणाऱ्या लेकरायचे मार्क कापले. मंग मी मनात ताळा करून पाह्यला."

मी लॅपटॉप उघडला. मी नियम वाचू लागले. अडखळले की म्हणत, "काहून थांबल्या? चष्मा लागला का तुमाले?"

सदतिसावा नियम : वर्गमुळात क्षचा वर्ग दिसला, की नुसता क्ष लिही.

"उणे तीनचा वर्ग नऊ, त्याचं वर्गमूळ तीन," मी म्हटलं. "हे तर उणे तीनच देईल, सर."

"बाजूले काही लिहेल हाय?"

होतं. मी आधी मनात वाचलं.

"वाचा. मले माईत हाय, तरी वाचा."

"'क्ष ऋण नसेल तरच खरं. पुस्तकाशी जुळतं, सध्या राहू दे.'" टीप सरांचीच, तारीख नऊ वर्षांपूर्वीची.

सरांनी दुरुस्ती सांगितली, मी टाकली. उणे तीन घालून पाहिलं, तीन आलं. सांगितलं तरी त्यांचा चेहरा उजळला नाही. पोहे मघाशीच गार झाले होते.

त्यांनी खिशातून मोबाइल काढला.

"मले नंबर दिसत नाही, ताई. आकांक्षाले फोन लावून द्या. चूक माही होती, हे मीच सांगतो."