पहिलं बाळंतपण माहेरचं

"अजून एक लेकरू पायजे मला, अन् त्यासाठी जायचं म्हणजे जायचं. पुण्याला पोटातल्या बाळाला रक्त चढवत्यात, डॉक्टरच म्हणले की." शिवकन्या बोलत होती आणि बोलता बोलता भाकरी तव्यावर आपटत होती. "तुमचा ल्योक तुमच्यापुढं बसलाय, आत्या. तुमाला माझं काय कळंल?"

सारजाबाई शेंगा फोडत राहिल्या. सकाळपासून हेच चाललं होतं. त्यांची थोरली जाऊ कडूबाई शेजारच्या घरातून मुद्दाम येऊन उंबऱ्याशी बसली होती आणि सुनेची बाजू घेत होती. एकुलती एक पोर, पुढं घराला कोण, असं तिचं म्हणणं. रणधीर मोबाइलमध्ये मान घालून बसला होता. त्याला बायकोचंही पटत होतं आणि आईचंही, म्हणून तो दोघींचं ऐकू न आल्यासारखं करत होता.

"सुनेला लेकरू पायजे अन् सासू आडवी पडतीय," कडूबाई म्हणाली. "सारजे, तेर गावात असं म्या पहिल्यांदाच बघितलं."

या गल्लीत बाळंतपणाच्या बाबतीत सारजाबाईंचा शब्द शेवटचा असे. नवरा गेला तेव्हा रणधीर शाळेतही जात नव्हता. दिवसभर शेत बघायचं आणि सकाळी लवकर कुणाच्या तरी घरी बाळंतीण न्हाऊ घालायची, असं त्यांनी वर्षानुवर्षं केलं. शेक द्यावा, बाळाची टाळू भरावी ती सारजाबाईंनीच. कुणी खण-नारळ दिला तर घ्यायच्या, नाही दिला तरी दुसऱ्या दिवशी वेळेवर हजर. दोन वर्षांपूर्वी मात्र त्यांनी हे सगळं सोडलं. गुडघे दुखतात म्हणून सांगायच्या. गुडघे त्याआधीही दुखत होते.

त्याच साली शिवकन्येचा मुलगा जन्मला, हळदीसारखा पिवळा. सारजाबाईंनी त्याला कोवळ्या उन्हात धरलं, कावीळ उतरेल म्हणाल्या. दवाखान्यात नेईपर्यंत फार उशीर झाला होता. राजनंदिनी, थोरली मुलगी, सुखरूप झाली होती, त्यामुळं कुणाला शंकाही आली नव्हती. मग यंदा तिसरं बाळ पोटातच सुजलं आणि सातव्या महिन्यात मेलेलंच बाहेर आलं. धाराशिवच्या दवाखान्यात शिवकन्येचा रक्तस्राव थांबेना.

रणधीरनं लगेच बाही वर केली. रक्तपेढीतल्या विमल मॅडमनी त्याला परत पाठवलं. गावाकडून जीप भरून माणसं आली, त्यांचंही रक्त चाललं नाही. पेढीत निगेटिव्ह गटाच्या पिशव्या मोजक्याच, आणि त्यातली पहिलीही जुळली नाही. सारजाबाईंनी दारातच भांडण काढलं. नवऱ्याचं रक्त बायकोला चालत नाही म्हणजे काय, असं त्या परत परत विचारत राहिल्या. शेवटी विमल मॅडमनी दोन काचेच्या नळ्या उजेडात धरल्या. एकीत सुनेचं एकटीचं रक्त नितळ हलत होतं. दुसरीत सुनेच्या रक्तावरचं पिवळं पाणी आणि लेकाच्या रक्ताचा थेंब एकत्र केला होता. त्यात कण कण झाले होते, दूध फाटावं तसे.

विमल मॅडमनी सांगितलं ते सारजाबाईंना एकदाच ऐकून समजलं. सून निगेटिव्ह, लेक पॉझिटिव्ह. पहिली मुलगी रक्तानं बापाच्या वळणावर गेली. बाळंत होताना तिचं थोडं रक्त आईत मिसळलं. आईच्या अंगानं ते परकं मानलं आणि त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार केल्या. नंतरच्या दोन्ही बाळांवर त्याच धावून गेल्या. शिवाय आणखी एक अँटिबॉडी दिसत होती. ती कोणती हे ओळखल्याशिवाय पिशवी देता येत नव्हती, म्हणून नमुना सोलापूरला पाठवला होता.

"या अँटिबॉडी होऊ नयेत म्हणून पहिल्या बाळंतपणानंतर तीन दिवसांच्या आत एक सुई द्यायची असते," विमल मॅडम म्हणाल्या. "यांना दिली नव्हती का?"

"पहिलं बाळंतपण माहेरी झालं. आमाला काय ठावं?" सारजाबाई म्हणाल्या.

त्यांना चांगलं ठाऊक होतं. राजनंदिनी झाली तेव्हा जळकोटहून व्याह्यांचा, धोंडीबांचा, फोन आला होता. सिस्टर एक सुई आणायला सांगतीय, इकडं मिळत न्हाय, जावईबापू सोलापूरहून आणतील का? मुलगी झाल्याचं ऐकून सारजाबाई आधीच खट्टू होत्या. पहिलं बाळंतपण माहेरचं असतं, औषधपाणीही माहेरचंच, त्या म्हणाल्या होत्या. आत्ताच सुया मागताय, बारशाला काय मागाल? धोंडीबांना ते लागलं. गरजेची असती तर सासरच्यांनी आणली असती, असं समजून ते गप्प बसले. रणधीर तेव्हा शेतात होता. त्याला कुणी काही सांगितलं नाही.

नळ्या दाखवल्या त्याच दिवशी संध्याकाळी सोलापूरहून जुळणाऱ्या दोन पिशव्या आल्या आणि शिवकन्या वाचली. पुढच्या खेपेला अशा पिशव्या वेळेत सापडतीलच असं नाही, हे विमल मॅडमनी निघताना बजावून सांगितलं होतं. सारजाबाई सकाळपासून तेवढंच सांगत होत्या.

शिवकन्येनं गॅस बंद केला. परातीतलं पीठ तसंच ठेवून ती सासूपुढं येऊन बसली.

"बापाच्या फोनचा आवाज मोठा होता, आत्या," ती हळू म्हणाली. "म्या तितंच खाटंवर होते."

सारजाबाईंनी हातातली शेंग न फोडताच सुपात टाकली.

"म्या कुणाला बोलले न्हाय. दोन लेकरं गेली तरी बोलले न्हाय. आता एक मागतीय, तर तेबी द्यायचं न्हाय तुमाला?"

"कसला फोन गं?" कडूबाईनं विचारलं. रणधीरनं मोबाइल खाली ठेवला आणि आईकडं पाहिलं.

सारजाबाईंना सुनेचे पाय धरावेसे वाटले. पण पाय धरले असते तर तिचं मागणं मान्य करावं लागलं असतं, आणि ती कणकण झालेली नळी त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. नातू त्यांनाही हवा होता. गेलेल्या बाळाची कुंची अजून ट्रंकेत होती, धुऊन घडी केलेली.

त्यांनी पदरातली टरफलं सुपात झाडली.

"राजनंदिनीच्या वक्ताला एक सुई द्यायची होती. ती म्या आणू दिली न्हाय," त्या रणधीरला म्हणाल्या. "उद्या सकाळच्या गाडीनं आपुन धाराशिवला जायचं. तुझं ऑपरेशन करायचं, डॉक्टरांशी म्या बोलून आलेय. या घरात आता लेकरू व्हायचं न्हाय."