बर्डीवरच्या शोकेसच्या आतून

कापडाच्या दुकानात जन्म काढलेल्या माणसाला किस्से जमवावे लागत नाहीत. ते दोऱ्यांसारखे अंगाला चिकटतात. घरी आलो की बायको आधी माझ्या सदऱ्यावरचे दोरे वेचायची आणि मग विचारायची, "आज काय झालं?" मी म्हणायचो, "काही नाही. जेवायला वाढ." वीस-बावीस वर्षं हे असं "काही नाही, काही नाही" चाललं. आता रिटायर होऊन बसलो तर पाहतो, त्या काही-नाहीचाच ढीग झालेला!

माझं काम शोकेस लावायचं. नागपुरात बर्डीच्या मेन रोडवर अण्णाजींचं कापडाचं मोठं दुकान होतं. रस्त्याकडे तोंड करून काचेची खोली, तिच्यात पुतळे, पुतळ्यांच्या अंगावर साड्या, वर दिवे. मी ड्रॉइंगची परीक्षा पास होतो म्हणून सगळे मला मास्तर म्हणत. शाळा काही नशिबात आली नाही. माझे विद्यार्थी सगळे प्लॅस्टरचे! उलटून बोलत नसत, एवढंच सुख. बोलायला काउंटरवर गुलाबराव होता. आमचा सर्वांत जुना सेल्समन.

*

आमची पहिली नवरी मुंबईहून आली. म्हणजे पुतळाच, पण लग्नसराईसाठी खास मागवलेली. पेटी उघडली, गवत बाजूला केलं. डोकं निघालं, धड निघालं, पाय निघाले, दोन हात निघाले. दोन्ही डावे!

अण्णाजींनी मुंबईला पत्र टाकलं आणि मला म्हणाले, "मास्तर, तोवर पदरात लपवा."

मी शालू नेसवला, एक हात निऱ्यांत दडवला, दुसऱ्यात वरमाला दिली. पंधरा दिवस कोणाच्या ध्यानात आलं नाही. मग एक दिवस काटोलकडची एक आजीबाई काचेला नाक लावून उभी राहिली. बराच वेळ पाहिलं आणि आत येऊन गुलाबरावला विचारते, "पोरगी डावखुरी आहे काय गा?"

गुलाबराव डोळ्याची पापणी न हलवता म्हणाला, "हो आजी. पण सैपाक एक नंबर करते."

"मंग चालते! दाखव शालू."

उजवा हात बदलून आला तेव्हा लग्नसराई संपली होती. पेटी उघडली. तोही डावाच!

*

मी काच मन लावून पुसायचो. पेपरच्या कागदानं, मग मलमलच्या फडक्यानं. इतकी स्वच्छ, की एकदा एक गृहस्थ बायकोशी बोलता बोलता सरळ शोकेसमध्येच शिरायला निघाले. धाडकन् नाक आपटलं. रक्त आलं. आम्ही त्यांना गादीवर बसवलं, ओलं फडकं दिलं, चहा पाजला. बायको म्हणत होती, "यांचं घरीही असंच आहे."

ते गेल्यावर अण्णाजी माझ्यावर घसरले. "इतकी साफ काहून करता काच? थोडी घाण राहू द्या ना!"

घाण ठेवायला माझं मन घेईना. म्हणून मी नाकाच्या उंचीवर कुंकवानं एक मोठं स्वस्तिक काढलं. माणसाला दिसेल, थांबेल. माणसं थांबली, यात शंका नाही. दुसऱ्या दिवशी थांबून नमस्कार करू लागली. तिसऱ्या दिवशी खाली दोन जास्वंदाची फुलं. आठवड्याच्या आत लोक बाहेर चपला काढून दुकानात यायला लागले आणि बर्डीवर बाहेर काढलेल्या चपलांचं जे होतं, तेच झालं.

गुलाबराव म्हणाला, "मास्तर, नाकं वाचली. चपला गेल्या!"

*

नागपूरचा उन्हाळा कापडाला माणसाइतकाच सोलतो. आमची शोकेस पश्चिमेला. मे महिन्यात दुपारनंतर आत पाऊल टाकलं की भट्टीत शिरल्यासारखं वाटायचं. एका उन्हाळ्यात मी एक जांभळी व्हॉइलची साडी लावली होती. बदलायची राहून गेली. महिन्याभरात तिचा रंग उडून काहीतरी वेगळाच झाला. राख आणि गुलाबी यांच्या मधला.

एक हेडमास्तरीणबाई आल्या. "मले शोकेसमधला रंग पाहिजे."

गुलाबरावनं त्याच गठ्ठ्यातली कोरी साडी उलगडली. गर्द जांभळी.

"ही नाही, ती."

"बाई, ती हीच आहे. त्या एकीले फक्त ऊन लागलं."

"मग हिलेही लावा ना!"

शोकेसमधली घ्या म्हटलं, तर म्हणाल्या, पुतळ्यानं नेसलेली नको. शेवटी मी कोरी साडी शोकेसमध्येच, पुतळ्याशिवाय, उन्हात टांगली. वीस दिवसांनी बाई आल्या, काचेतून निरखून पाहिलं, आणि आत न येताच बोटांनी खूण केली. थोडी अजून होऊ द्या!

*

थंडी आली की ब्लँकेटांचा मनोरा. छातीच्या वर थप्पी नेऊ नये, असं माझं म्हणणं. रस्त्यावरून दिसला पाहिजे, असं अण्णाजींचं. दुकान त्यांचं होतं, म्हणून मनोरा छताला लागला.

आता गिऱ्हाइकाचा एक धर्म आहे. वर कितीही ठेवा, त्याला खालचंच पाहिजे असतं! एक रिटायर हवालदार आले. भारी देह, मिशा. "ते खालचं दाखवा," म्हणाले, आणि गुलाबराव "थांबा थांबा" म्हणेपर्यंत त्यांनी स्वतःच ओढलं.

सगळा मनोरा अंगावर! हवालदार दिसेनासे झाले. अण्णाजी गल्ल्यावरून उठून उभे राहिले, तोंड पांढरंफटक. आम्ही दोघांनी वेड्यासारखी ब्लँकेटं उपसायला सुरुवात केली. चार-सहा थर काढले तेव्हा आतून आवाज आला,

"याच्यात चॉकलेटी आहे काय?"

ते चॉकलेटी घेऊन गेले. मी मनोरा पुन्हा रचला. छातीपर्यंत. अण्णाजी पाहत होते. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "मास्तर, खुजा वाटते."

*

एक गोष्ट मात्र हसत सांगता येत नाही. तरी सांगतो.

नायलॉनचा जमाना होता. दिवाळीचे दिवस. शोकेसमध्ये मोठे बल्ब. मी नेहमी सांगायचो की बल्ब आणि कापड यांच्यात हातभर अंतर पाहिजे. अण्णाजींना साडी चमकायला हवी होती. मी जेवायला गेलो असताना त्यांनी स्वतः स्टुलावर चढून बल्ब खाली ओढला.

संध्याकाळी दुकान गच्च भरलेलं. अण्णाजींनी नाक वर केलं. "कोण पापड भाजून राहिलं?"

मला कळलं. नायलॉन पेटायच्या आधी पापडासारखं आक्रसतं. मी शोकेसच्या मागच्या लहान दारातून आत शिरलो, तेव्हा साडी वितळून ठिबकत होती आणि मागच्या पडद्यानं पेट घेतला होता. काचेपलीकडे रस्त्यावरची माणसं थांबून पाहत होती. त्यांना ती दिवाळीची रोषणाईच वाटली असणार! मी साडी हातानं ओढून खाली पाडली. तळहाताला ते वितळलेलं नायलॉन चिकटलं. गुलाबरावनं मेन स्विच पाडला, बायकांना दाराकडे काढलं आणि अंधारात ओरडला, "मास्तर, वाळूच्या बादल्या कुठं आहेत?"

वाळूच्या बादल्या होत्या ना! पण लाल बादल्यांनी शोभा जाते, असं अण्णाजींचं म्हणणं. म्हणून मीच तीन दिवस आधी त्यांना सॅटिनच्या झालरी लावल्या होत्या. त्या दिवाळीत मी दिसेल त्याला झालर लावली होती. स्टुलाला, खोक्यांना, कुंडीला. आता कोणत्या झालरीखाली बादली, ते मलाच आठवेना.

शेवटी गुलाबरावनं पिण्याच्या पाण्याचा माठ उचलून आणला आणि पडद्यावर फोडला. विझलं.

दुसऱ्या दिवशी मी पट्टी बांधून कामावर गेलो. अण्णाजींनी माझा हात उलटून पट्टी पाहिली. मग हळूच म्हणाले, "त्या झालरी काढून टाका, मास्तर."

मी काढायला वाकलो.

"अन् हे पाहा," ते मागून म्हणाले, "बादल्या लाल नको. गुलाबी रंग मारा!"

*

नंतरच्या वर्षांत नऊवारी लुगडं मागणारं गिऱ्हाईक कमी होत गेलं. एका आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अण्णाजींना काय वाटलं कोण जाणे, म्हणाले, एक आपलं नागपुरी लुगडं लावा. रेशीमकाठी, हातमागावरचं. मी ते नव्या पुतळ्याला नेसवलं आणि बाकी शोकेस रिकामी ठेवली.

त्या दिवशी समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर एक म्हातारं जोडपं येऊन बसलं. सकाळी होतं, दुपारीही होतं. ऊन पायरीवर आलं तरी हललं नाही. अण्णाजींना संशय आला. मला म्हणाले, "पाहा जरा."

मी रस्ता ओलांडून गेलो. "काय पाहिजे, मामाजी?"

"काही नाही. लुगडं पाहून राहिलो." म्हातारा काचेकडे नाही, भलतीकडेच तोंड करून बोलत होता. "म्हणजे ही पाहून राहिली, मी ऐकून राहिलो. म्या विणलं ते. डोळे जायच्या आधीचं शेवटलं."

पाचपावली वस्तीतले विणकर. कोणीतरी त्यांना सांगितलं होतं, तुमचं लुगडं बर्डीवर काचेत उभं आहे. पायी आले होते. आत यायची हिंमत झाली नव्हती.

मी दोघांना घेऊन आलो आणि मागच्या दारातून शोकेसमध्येच नेलं. अण्णाजी गल्ल्यावरून पाहत होते. शोकेसमध्ये परका माणूस त्यांना खपत नसे. पण त्या दिवशी त्यांनी फक्त पंखा तिकडे वळवला.

म्हाताऱ्यानं काठ अंगठा आणि बोटात धरला आणि सरकवत सरकवत नेला. एका जागी थांबला. "इथं धागा तुटला होता. जोडला म्या."

मी वाकून पाहिलं. चष्मा लावून पाहिलं. मला काही दिसलं नाही.

म्हातारी लुगड्याकडे पाहतच नव्हती. ती पुतळ्याच्या पायांपाशी फळीवर टेकली होती. जन्मभर मागाशेजारी बसून कांड्यांवर सूत भरलेली बाई. पुतळ्याच्या पावलांवरून हात फिरवत ती मला म्हणाली, "हिले खाली बसवत नाही काय गा? सकाळपासून पाहून राहिली मी, पोरगी उभीच्या उभी आहे."

"नाही बसवता येत, मावशी. हिचे गुडघे वाकत नाहीत."

म्हातारी पुतळ्याचा हात धरून उठायला लागली. अर्धी उठली आणि तशीच वाकून राहिली. मान वर करून तिनं त्या गोऱ्यापान चेहऱ्याकडे पाहिलं आणि खुदकन् हसली.

"अन् माहे सरळ होत नाहीत वं, बाई!"