हात धुतलेलं पाणी

आमच्या बाबांचा धंदा कचरा धुण्याचा. गोंदियाच्या सोनारांच्या दुकानांतला केर आणायचा, जाळायचा, कामठ्याच्या आमच्या अंगणात घमेल्यात धुवायचा, तेजाबात चांदी विरघळवायची आणि तळाशी राहिलेलं कणभर सोनं गाळायचं. उठताना प्रत्येकानं बादलीत हात धुवायचे आणि ते पाणीही फेकायचं नाही. नखातला कणसुद्धा बाबा सोडत नसत. या धंद्याची त्यांना भारी लाज. पोरानं तरी कचऱ्यात हात घालू नये म्हणून त्यांनी मला रसायनशास्त्र शिकवलं.

शिकलो, आणि लागलो कुठं? अणुभट्टीच्या कचऱ्यावर. वापरून झालेलं धातूचं इंधन वितळलेल्या मिठात घालायचं, वीज सोडायची. कामाचं युरेनियम सळीवर जमतं, घाण मिठात राहते. युरेनियम वेगळं काढायची दुसरी रीत तर तेजाबाचीच. निघताना हातपाय यंत्राला दाखवायचे, काही चिकटलं असेल तर पुन्हा धुवायचे. घरी मी सांगितलं, टेबलखुर्चीचं काम आहे.

दोन हजार सहाच्या सुमारास कोहमाऱ्याची मंडळी मला पाहायला आली. मुलगी मी आधीच पाहिली होती आणि ती मनात पक्की बसली होती. बाबांनी घमेली तणसाच्या ढिगामागे लपवली आणि आम्ही नुसते शेतकरी असल्याचं सांगितलं. मुलीच्या वडिलांनी मला काम विचारलं. मी दीडशहाणा, मिठासकट सगळं खरं सांगत बसलो.

जेवणं झाली. बाबांनी पाहुण्यांच्या हाताखाली बादली धरली, आणि सवयच ती, पाणी मोरीत न ओतता जपून आत घेऊन निघाले. मुलीच्या वडिलांनी विचारलं, पाणी कायले आत नेता? बाबांनी मान खाली घालून धंदा सांगितला.

पाहुणे हसले नाहीत. "तुमच्या कचऱ्यातून सोना तरी निघते जी," ते म्हणाले. "पोराचा कचरा आंगाले लागला तं?"

आठ दिवसांनी नकार आला, तोही माझ्या नोकरीपायी. मला फार लागलं. दोन दिवस धड जेवलो नाही. बाबांनाही वाईट वाटलं असणार. पण तिसऱ्या दिवशी पाहतो तर घमेली दारापुढे मांडलेली, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतील अशी, आणि बाबा ऐटीत बसलेले.

"कायले शिकवलो तुले?" ते म्हणाले, आणि एक घमेलं माझ्यापुढे सरकवलं.