डाव्या बाजूबद्दल मी जे लिहिलं

हे मी कधी बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, बहिणीजवळ नाही, आणि ज्यांच्याजवळ बोलायला हवं होतं त्यांच्याजवळ तर नाहीच. गेल्या रविवारी पहिल्यांदा तोंड उघडलं. आता तुम्हाला सांगते आहे. आणि आधीच सांगून ठेवते — यातल्या सगळ्याची मला लाज वाटत नाही. कुणी म्हटलं म्हणून वाटणारही नाही.

दरवर्षी फुटबॉलचा हंगाम सुरू होण्याआधी आपल्या चाहत्यांच्या या पेजवर ‘पूर्व स्टँडवरून’ या नावाने एक अंदाज येतो. आपला क्लब यंदा कितवा येईल, गोलकीपर किती थकलाय, नवा परदेशी स्ट्रायकर धावेल की सुट्टीवर आल्यासारखा फिरेल. तुम्ही तो वाचता, त्यावरून भांडता. तो पूर्व स्टँड म्हणजे मी. वैशाली. कोथरूडला राहते, विम्याच्या ऑफिसात नोकरी करते आणि सामना असला की बालेवाडीच्या स्टेडियमला जाते. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी मला कॉमेंटमध्ये ‘भाऊ’ म्हटलंय. मी दुरुस्त केलं नाही. का करू? सुरुवातीला एकदा खऱ्या नावाने लिहून पाहिलं होतं. तेव्हा एका गृहस्थांनी अगदी शांतपणे विचारलं होतं, “वहिनी, ऑफसाइड कळतो ना? की मिस्टरांना विचारून लिहिलंत?”

माझे मिस्टर टेनिस बघतात. असो.

नाव लपवल्यावर तो प्रश्न थांबला. पण दुसरा टोमणा सुरू झाला — अंदाज ठीक आहे, पण आतलं काही ठाऊक नाही, पेपर वाचून हे कुणीही लिहील. हा लागला. पहिल्यापेक्षा जास्त लागला. कारण खरा होता, नाही का? आतलं मला काहीच ठाऊक नव्हतं.

आणि मग एका उन्हाळ्यात ते ठाऊक झालं.

ऑफिसात माझ्या शेजारी नाझनीन बसते. बसायची. आमची मैत्री नोकरीइतकीच जुनी. तिचा धाकटा भाऊ सईद आपल्या क्लबचा लेफ्ट बॅक होता — डाव्या बाजूचा सगळा बचाव त्याच्यावर. पुण्याचा, कॅम्पातला मुलगा, म्हणून स्टँडमध्ये त्याच्या नावाचा गजर सगळ्यांत मोठा. त्या उन्हाळ्यात क्लब त्याचा करार आणखी दोन वर्षांसाठी वाढवणार होता. जुना माणूस, फारशी तपासणी होणार नव्हती. एके दुपारी कँटीनमध्ये नाझनीन रडायला लागली. सईदचा गुडघा झिजलाय, डॉक्टर म्हणतात जेमतेम एक हंगाम, तो इंजेक्शनं घेऊन ढकलतोय. करार होईपर्यंत कुणाला कळता कामा नये. “घरात अम्मीला ठाऊक आहे आणि अल्ताफला,” ती म्हणाली. “बाहेर फक्त तुला सांगतेय, वैशू.”

अल्ताफभाई म्हणजे तिचा नवरा. मार्केट यार्डात त्यांचा कांदा-बटाट्याचा गाळा आहे. गप्पिष्ट माणूस, दिवसभर शंभर लोकांशी बोलणारा.

मी काय केलं, ते तुमच्या लक्षात आलंच असेल. त्या वर्षीच्या अंदाजात मी लिहिलं — डाव्या बाजूवर यंदा विसंबू नका, लेफ्ट बॅकचा गुडघा गेलाय आणि ते लपवलं जातंय, माहिती खात्रीची आहे.

ते भराभर पसरलं. क्लबने सईदला तपासणीला पाठवलं, करार झाला नाही, आणि हंगाम सुरू होण्याआधी तो बाहेर होता. त्याच्या जागी आणलेला मुलगा चांगला खेळला. आपण त्या वर्षी बाद फेरीत गेलो. तुम्ही सगळे नाचलात, मीही नाचले.

या लिहिण्याची मला लाज वाटत नाही. खोटं होतं का ते? भर उन्हात, मुलांना खांद्यावर घेऊन जे लोक स्टँडमध्ये येतात, त्यांनी लंगडता बचाव का बघायचा? आपल्या संघाचं दुखणं चाहत्याला कळू नये, असा नियम कुणी केला? मी खरं लिहिलं. ज्यांनी विचारलं होतं, आतलं काय ठाऊक आहे, त्यांना उत्तर मिळालं. मला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

पण मला कबूल करायचं आहे ते हे नाही. मी अजून त्याच्या भोवती फिरते आहे.

त्यानंतरच्या ईदला मी नाझनीनच्या माहेरी गेले, दरवर्षीसारखी. सईद आतल्या खोलीत होता, बाहेर आला नाही. पूर्व स्टँड म्हणजे कोण, हे त्या घरात कुणाला माहीत नव्हतं. अम्मी हळू आवाजात म्हणाल्या, “अल्ताफच बोलला असणार. त्याच्या पोटात काही राहत नाही.” नाझनीनने माझ्याकडे पाहिलं. फुटबॉलमधलं मला कळतं, म्हणून माझ्याकडे. “तुला काय वाटतं, वैशू?”

गप्प बसता आलं असतं. वाटी उचलून स्वयंपाकघरात जाता आलं असतं. मी म्हणाले, “गाळ्यावर बोलले असतील. तिथे त्या पेजवरचे बरेच जण येतात.”

असं कुणी येत होतं का, मला ठाऊकही नव्हतं. मी ते तिथे बसल्या बसल्या बनवलं. हातात त्यांच्याच घरच्या शीरखुर्म्याची वाटी होती.

त्या दिवसापासून अल्ताफभाईंना सासरी कुणी बोलावलं नाही. ते नाझनीनला आणि मुलीला गल्लीच्या तोंडाशी सोडायचे आणि परत न्यायला यायचे. मी हे बघत आले. ती माझ्याजवळ त्यांच्या तक्रारी करायची — विश्वास कसा ठेवायचा, म्हणायची — आणि मी मान हलवायचे.

यंदाच्या ईदला ते गल्लीच्या तोंडाशी गाडीतच बसले होते. आतून पाठवलेला डबा मांडीवर. मला बघून काच खाली केली. “ताई, लवकर जा. अम्मींनी बिर्याणी उतरवलीय, गरम आहे.” मी गेले. बसून जेवले. तुम्ही काय केलं असतं, ते मला माहीत नाही. मी जेवले.

मग पेज चालवणाऱ्या मुलाचा मेसेज आला. यंदाचा अंदाज कधी देताय, भाऊ, लोक विचारतायत आतली बातमी काय. मी लिहायला बसले. गोलकीपर झाला, मधली फळी झाली, आणि डाव्या बाजूशी आले. पुढे जाता येईना.

रविवारी मी नाझनीनच्या घरी गेले. दोघंही होती. उभ्यानेच सांगितलं. नाझनीनने एवढंच विचारलं, “त्या दिवशी अम्मीसमोर — तेव्हाही तुला माहीत होतं?”

“हो.”

ती उठून आत गेली. अल्ताफभाई तिच्यामागे दारापर्यंत गेले आणि परत आले. मग म्हणाले, “मी बोललो नाही, हे मला ठाऊक होतं. पण ताई, सगळेच म्हणायला लागल्यावर मलाही वाटायला लागलं. निघून गेलं असेल तोंडातून. गाळ्यावर मी बोलणंच कमी केलं.”

 

तिथून मी अम्मींकडे गेले. दार सईदनेच उघडलं. तो आता शाळेतल्या मुलांना फुटबॉल शिकवतो. दारातच सगळं सांगितलं, अम्मी मागे उभ्या होत्या. त्याने ऐकून घेतलं. “गुडघा खराबच होता, ताई,” तो म्हणाला. “पण माझा होता.” आणि दार लावलं, आवाज न करता.

हा यंदाचा अंदाज. आपण सातवे येऊ. गोलकीपर थकलाय, मधल्या फळीत धावणारे आहेत पण डोकं चालवणारा एकही नाही, नवा प्रशिक्षक दिवाळीपर्यंत टिकला तर मला आश्चर्य वाटेल. डाव्या बाजूबद्दल मला आतलं काही ठाऊक नाही. मैदानात जे दिसेल ते लिहीन, वैशाली याच नावाने. ऑफसाइड मला कळतो. पेज सोडणार नाही, स्टँडमधली जागाही सोडणार नाही. ज्यांना वाचायचं नाही त्यांनी वाचू नये.

नाझनीनने ऑफिसात टेबल बदलून घेतलं आहे. अल्ताफभाई परवा अम्मींकडे जेवायला गेले होते, असं दुसऱ्या कुणाकडून कळलं. मी तिला काही विचारलेलं नाही.