आमच्या तालुक्याची मॅनेजर

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे एका बोलरच्या हातातून बॉल काढून घेतला. संध्याकाळचे सहा वाजले असतील. पाम गावातल्या आमच्या घरात, जेवायच्या टेबलावर जावयाने दिलेला जुना लॅपटॉप, त्याच्यासमोर खुर्चीत उशी घालून ती, आणि बाजूला जमिनीवर मी. पडद्यावर हिरवा गोल आणि त्यात ठिपके. ते ठिपके म्हणजे इंग्लंडातले खेळाडू. समोरच्या टीमच्या दोन विकेट राहिल्या होत्या. त्या पडल्या की मॅच संपली, आणि मॅच संपली की सीझन संपला. नेमकी तेव्हाच आमच्या सगळ्यात जलद बोलरची थकव्याची पट्टी लाल झाली. लांब आणि काटकुळा म्हणून त्याला आम्ही बोंबील म्हणायचो.

"बस झालं त्याचं," ती म्हणाली.

"अगे, दोनच विकेट! टाकू दे त्याला."

"लाल झालाय तो. पोराची मांडी गेली तर तुमी देणार काय तुमची?"

बॉल काढला आणि दुसऱ्या कुणा मठ्ठाला दिला. विकेट पडली नाही. दिवस संपला आणि मॅच चौथ्या दिवसावर गेली. मी कपाळावर हात मारून घेतला.

ही माझी बायको. सगळी आळी तिला मॅनेजरबाई म्हणायची. नवीन माणसाला वाटायचं, बोईसरला बँकेत होती की काय. बँक नाही नि काही नाही. जन्मभर तिने लोकांचे ब्लाउज शिवले. गुडघे गेले तसं मशीनचं पायडल मारणं बंद झालं, आणि रिकामं बसणं तिला कधी जमलंच नाही. जावयाने लॅपटॉप दिला तो विरारच्या नातवंडांचे फोटो बघायला. त्याच्यात हा खेळ आधीपासून पडलेला होता. होळीनंतर एका दुपारी तिने तो उघडला आणि घराची शांती गेली.

ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगतो. या खेळात आपण खेळतच नाही. बॅट नाही, पळणं नाही. तुम्ही मॅनेजर. इंग्लंडातली एक टीम तुमच्या ताब्यात. कोण खेळेल, कोण बसेल, कोण आधी जाईल, एवढं सांगायचं आणि मग ठिपके बघत बसायचं. एक मॅच चार चार दिवसांची, अशा चौदा. शेवटच्या नंबरावर आलात तर तिकडची कमिटी तुम्हाला काढून टाकणार. मी पहिल्याच दिवशी म्हटलं, "ह्यात करायचं काय? नुसतं बघायचं?"

"तुमी कंपनीत बॉयलरचा काटा बघायचे तेच," ती म्हणाली. "त्याचा पगार घेतला ना?"

तिला असं उत्तर शोधावं लागायचं नाही. तयारच असायचं.

तिची शाळा दहावीपर्यंत, एडवणला, तिच्या माहेरी. माझी चौथी. त्यामुळे खेळातलं इंग्रजी वाचायचं काम तिचं. एकेक अक्षर बोट ठेवून वाचायची, मग अर्थ सांगायची, आणि अर्थ अडला की स्वतःच ठरवायची. काउंटी म्हणजे काय यावर आमचा आठवडा गेला. मी म्हटलं जिल्हा. ती म्हणाली तालुका. "जिल्ह्याची टीम एवढी वाईट असेल काय?" हे तिचं कारण. झालं, तालुका ठरला. दारावरून कुणी विचारलं, काय चाललंय, की सांगायची, "आमचा तालुका हरतोय."

आणि हरायचा खरोखर. मला हरण्याचा राग नव्हता, मला राग होता तिच्या पद्धतीचा. रोज सकाळी टीमच्या डॉक्टरचा कागद पडद्यावर यायचा. कुणाचा घोटा, कुणाची पाठ, कुणाला सर्दी. तो कागद ती दोनदा वाचायची. कुणाचं जरा दुखलं की बसव त्याला. सर्दीला सुद्धा! चांगला फॉर्मातला ओपनर, आदल्या मॅचला शंभर मारलेला, नाक गळतं म्हणून तिने घरी ठेवला. मी ओरडलो तर म्हणाली, "त्याची आय तिकडे लांब असेल. कोणी बघायला हाय काय त्याला?" आता कॉम्प्युटरातल्या ठिपक्याला आई कुठून असणार? पण हे तिला सांगणार कोण.

मात्र एक चूक माझी आहे, ती मी लपवत नाही. टीममध्ये एक म्हातारा स्पिनर होता. आम्ही त्याला दाजी म्हणायचो. आमच्या निम्म्या विकेट दाजीच्या. एका मॅचनंतर तो फार दमलेला दिसला. त्याच्या नावाखाली बटण होतं, तिने वाचलं, "रि-ली-ज. म्हंजे काय वो?"

मी छाती काढून म्हटलं, "हे मला विचार. रिलीज म्हणजे रिलीव्ह." जन्म माझा शिफ्टमध्ये गेलेला. बोईसरला आमच्या कंपनीत शिफ्ट संपायच्या वेळी सगळे एकच ओरडायचे, "मेरा रिलीवर आया क्या?" रिलीव्हर आला की आपण मोकळे. घरी जायचं, झोपायचं, दुसऱ्या दिवशी परत हजर. तसंच हे, मी म्हटलं. दाजीला रिलीव्ह कर, आराम करेल आणि पुढच्या मॅचला येईल.

तिने माझ्यावर विश्वास ठेवला. लग्नानंतर असे प्रसंग मोजके. बटण दाबलं. पुढच्या मॅचला यादीत दाजी नाही. तिने वर बघितलं, खाली बघितलं. मी म्हटलं, येईल, सेकंड शिफ्ट असेल. संध्याकाळी विरारला जावयाला फोन लावला, तेव्हा कळलं की आम्ही त्याला कायमचा काढून टाकला होता. दोन आठवड्यांनी दाजी दुसऱ्या तालुक्याकडून आमच्याविरुद्ध उतरला आणि सात विकेट घेतल्या.

ही गोष्ट तिने ज्याला सांगितली नाही असा माणूस पामात नाही. भाजीवालीला सांगितली. मीटर बघायला आला त्याला सांगितली. मी चारचौघांत काही शहाणपणाचं बोलायला तोंड उघडलं की मागून यायचं, "ह्यांना सगळं ठाऊक. ह्यांनी दाजीला रिलीव्ह केला."

पावसाळ्यात तिला दम लागायला लागला. ओट्याच्या दोन पायऱ्या चढली की खांबाला धरून उभी. संध्याकाळी पाय सुजायचे, बोटाने दाबलं की खळगा पडायचा आणि तसाच राहायचा. मी म्हटलं, पालघरला डॉक्टरकडे जाऊ. ती म्हणाली, "सात मॅच राहिल्यात. सीझन होऊ दे." पुढच्या आठवड्यात म्हटलं, तर सहा राहिल्यात. मी चिडायचो. चिडणं मला येतं, दुसरं फारसं काही येत नाही.

"त्या पोराचा घोटा दुखला तर दोन मॅच बसवलास! तुला दम लागतो त्याचं काय?"

"त्याच्या जागी दुसरा होता. माझ्या जागी कोण हाय? तुमी? तुमी तर सगळ्यांना रिलीव्ह कराल."

मी हसलो. हीच माझी चूक. प्रत्येक वेळी ती असं काही बोलायची की मी हसायचो, आणि तो दिवस तसाच जायचा. सुषमाला, आमच्या मुलीला, मी फोनवर सांगितलं. तिने आईला रागावून बघितलं. आईने तिला पॉइंट टेबल समजावून सांगितलं.

आता जे लिहितो ते मी सुषमाला अजून सांगितलेलं नाही.

पाच मॅच राहिल्या होत्या. दुपारी जेवून ती पलंगावर पडली होती, लॅपटॉप चालू होता. मला त्यातली थोडी बटणं कळायला लागली होती. एक बटण होतं, त्यावर दोन बाण. ते दाबलं की मॅच आपोआप पळते, मॅनेजर लागत नाही. मी विचार केला, हिला सीझन संपायला हवाय ना? संपवतो. उद्याच पालघर. मी ते दाबलं, दाबतच राहिलो. चहाला आधण यायला वेळ लागतो तेवढ्यात पाचही मॅच झाल्या. पाचही हरलो. आमचा तालुका शेवटचा. कमिटीचं पत्र आलं.

ती उठली, चष्मा लावला, बोट ठेवून पत्र वाचलं. मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने लॅपटॉप मिटला आणि दोन दिवस माझ्याशी एक शब्द बोलली नाही. जेवण वाढायची, पण ताटाकडे बघून. तिसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर लॅपटॉप उघडा.

"काय करतेस?"

"उसवलंय," ती म्हणाली. "आता परत शिवते."

ब्लाउज बिघडला की ती हेच म्हणायची. आमच्याकडे शुक्रवारची लाईट जाते, आणि लॅपटॉपची बॅटरी मेलेली. एकदा लाईट गेली तशी अख्खी मॅच गेली होती. तेव्हापासून ती मधूनमधून खेळ साठवून ठेवायची, एडवण एक, एडवण दोन अशा नावांनी. पण मधल्या साठवणी मी बटणं दाबताना पुसून बसलो होतो. उरलेली होती ती अगदी जुनी, सहाव्या मॅचनंतरची. पाच मॅच राहिल्या होत्या, त्याच्या आठ झाल्या.

म्हणजे बघा. मी ते बटण दाबलं नसतं तर तिचा सीझन गणपतीपर्यंत संपला असता आणि ती डॉक्टरकडे आली असती. तिचा शब्द म्हणजे शब्द, ती आलीच असती. मी घाई केली आणि महिना वाढवला. पालघरचे डॉक्टर नंतर म्हणाले, काका, एवढ्यातेवढ्याने फरक पडतोच असं नाही. डॉक्टर चांगले आहेत. त्यांना असं बोलावं लागतं.

त्या आठ मॅच मात्र ती फार छान खेळली. हे मला मान्य करावं लागतं. बोंबीलला एक मॅच खेळवून एक बसवायचा, हे तिने ठरवलं आणि पाळलं. एक खांबासारखा उभा राहणारा बॅट्समन होता, त्याला मी कायम शिव्या घालायचो, त्याला तिने सगळ्यात आधी पाठवायला सुरुवात केली. तो दिवसभर उभा राहायचा आणि बाकीचे त्याच्या आजूबाजूने धावा काढायचे. आम्ही शेवटून दुसरे झालो. शेवटची मॅच जिंकलो तर कमिटी मॅनेजरला ठेवणार, असं पत्र होतं. त्या पत्रानंतर ती दमत होती तरी खुर्चीतून उठायची नाही. मी तिचे पाय स्टुलावर ठेवून द्यायचो आणि स्वतः जमिनीवर बसायचो. पालघरचं नाव काढायचो नाही. बोलून काय झालं होतं?

नंतर जावयाने विचारलं, बाबा, ती अर्धी राहिलेली मॅच पुरी करू का? मी म्हटलं, हात लावू नको. तिकडे जे आहे ते आहे तसं राहू दे.

त्या संध्याकाळी बॉल काढून घेतल्यावर मी खरोखर चिडलो होतो. दोन विकेट घेतल्या असत्या तर तिथेच सगळं आटोपलं असतं. मी म्हटलं, "आता उद्याचा दिवस गेला. परवा तू म्हणशील नवीन सीझन."

तिने चष्मा काढला. मग स्वतःच्या पायांकडे बघितलं.

"नाय," ती म्हणाली. "उद्या आधी डॉक्टर. मॅच आल्यावर."

"खरंच?"

"खरंच तर. चौथा दिवस कुठे पळतोय? नरेशच्या रिक्षाला सांगा. नऊला म्हणा, म्हंजे साडेनऊला येईल."

मी तसाच चप्पल घालून नाक्यावर गेलो आणि नरेशला सांगून आलो. परत येताना मला एवढं हलकं वाटत होतं की मी तिच्यासाठी बोरं घेतली. तिने दोन खाल्ली, आंबट आहेत म्हणाली, आणि बाकीची मला दिली.

सकाळी मी पाचला उठलो. ती झोपली होती. म्हटलं, झोपू दे, आज जायचं आहे. पाणी तापवलं. डॉक्टरला दाखवायचे जुने कागद पिशवीत घातले, पाण्याची बाटली घातली. तिची निळी साडी काढून खुर्चीवर ठेवली. चहा केला, तिचा झाकून ठेवला. सातला हाक मारली. अजून एकदा मारली. आठला जवळ जाऊन हात धरला तेव्हा कळलं.

सुषमाला फोन करायला हवा होता. शेजारी हाक मारायला हवी होती. मी काहीच केलं नाही. पलंगाच्या कडेला बसून राहिलो.

बाहेर हॉर्न वाजला. आयुष्यात पहिल्यांदा नरेश नऊच्या ठोक्याला आला होता. मी उठून दारात गेलो. तो रिक्षातूनच ओरडला, "काका, चला, मॅनेजरबाईंना आणा!"

मी म्हटलं, "थांब जरा. येतेय ती."

त्याने इंजिन बंद केलं. मी आत येऊन तिचा गार झालेला चहा परत गॅसवर ठेवला.